निवाऱ्याचे दुसरे दार

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली जे आदेश दिले त्यांनी देशातील घराघरांत दोन तट पाडले. दिल्ली व परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत, असा आदेश 11 ऑगस्टला निघाला. 22 ऑगस्टला मोठ्या पीठाने त्यात बदल केला आणि नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री, ती पिसाळलेली वा आक्रमक नसल्यास, मूळ जागी सोडावीत असे सांगितले. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवून ती पुन्हा तेथे सोडू नयेत, असे फर्मावण्यात आले. आमच्या प्राध्यापक-कक्षातही त्या दिवसांत चहाचे पेले निवून जाईपर्यंत वाद चालत. कुत्रा रस्त्यावर असावा की निवाऱ्यात, एवढाच त्या वादाचा विषय होता. निवाऱ्यात गेलेल्या कुत्र्याने तेथून बाहेर कसे पडावे, हा प्रश्न मात्र दोन्ही तटांपैकी कोणीही विचारला नाही.

हा प्रश्न भूतदयेचा आहे तितकाच अंकगणिताचाही आहे. ज्या निवाऱ्यात रोज एक कुत्रा दाखल होतो आणि प्रत्येकाचा मुक्काम सरासरी 60 दिवसांचा असतो, तेथे 60 जागा लागतात. मुक्काम 180 दिवसांवर गेला तर 180 जागा लागतात. बाहेर पडण्याची वाटच नसेल तर कितीही जागा बांधल्या तरी त्या एक दिवस भरणार, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. आपल्याकडे मात्र निवाऱ्याची चर्चा होते ती पिंजऱ्यांच्या संख्येवर. मुक्कामाच्या दिवसांची कोणी नोंदही मागत नाही.

याला इतिहासही कारण आहे. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा 1832 च्या जूनमध्ये मुंबईत पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या प्रयत्नांतून मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. जीव वाचवावा आणि तो मरेपर्यंत पोसावा, ही आपली परंपरा होय. ती थोर आहे यात शंका नाही. परंतु तीत दार एकच आहे, आत येण्याचे.

*

आमच्या घरी सखू आली ती 2021 च्या पावसाळ्यात. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर विजेच्या खांबाला कोणी तिला बांधून गेले होते. जात लॅब्रेडोर, वय सहा-सातच्या घरात, आचळे लोंबलेली, कोपरांवर घट्टे, नखे इतकी वाढलेली की पाऊल सरळ पडेना. तपासणारे पशुवैद्य म्हणाले, "सर, हिनं जन्मभर पिल्लंच घातलीयत. तीही सिमेंटच्या फरशीवर. हिचे तळवे बघा, मातीवर फारशी चाललेलीच नाही ही." पैदास करणाऱ्याच्या हिशेबात तिचे उत्पन्न संपले होते आणि खाणे चालू होते. नफा त्याच्या खिशात राहिला आणि उरलेला खर्च रस्त्यावर आला. वर्गात ज्याला आम्ही बाह्य परिणाम म्हणतो आणि उदाहरण म्हणून कारखान्याच्या धुराचे देतो, त्याचे एक उदाहरण आमच्या ओसरीवर थरथरत बसले होते.

श्वानपैदाशीसंबंधी केंद्र सरकारचे नियम 2017 पासून आहेत. पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी, 18 महिन्यांच्या आत मादी वापरू नये, तिची आयुष्यात पाचाहून अधिक वेतं होऊ देऊ नयेत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. पिल्लू विकत घेताना दुकानदाराकडे नोंदणीचा कागद मागणारा गृहस्थ मला अद्याप भेटावयाचा आहे. हेच गृहस्थ पंखा घेताना हमीपत्रावर शिक्का मारून घेण्यास विसरत नाहीत. आणि टाकून देण्याविषयी म्हणाल तर 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपाशी मरण्याच्या स्थितीत सोडून देणे हा गुन्हा ठरविला खरा, पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो 10 ते 50 रुपये. इतक्या पैशांत आज कुत्र्याचे एक वेळचे जेवणही होत नाही.

सखू दाराला भीत असे. केरसुणीला भीत असे, शिरस्त्राण घातलेल्या माणसाला भीत असे, आणि सर्वांत अधिक म्हणजे डोक्यावर येणाऱ्या हाताला. आम्ही सारे भोवती गोळा होऊन तिला चुचकारू लागलो की ती जमिनीला अधिकच चिकटे. शेवटी माझी आई म्हणाली, "अरे, तिच्याकडे बघत बसू नका सगळेजण. नवी सून घरात आली की अशीच बावरते. आपापली कामं करा." पशुवैद्यांचा सल्लाही नेमका हाच होता. एक कोपरा द्यावा, जेवणाची वेळ चुकवू नये, समोरून न जाता बाजूने जावे, हात हनुवटीखालून न्यावा आणि बाकी काळ तिला एकटे सोडावे. निवाऱ्यांत काम करणाऱ्यांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा आहे. भेदरणे ओसरण्यास तीन दिवस, घराची रीत कळण्यास तीन आठवडे आणि हे घर आपले असे वाटण्यास तीन महिने. तो शास्त्रवचन नव्हे. आमच्याकडे दुसराच टप्पा चार महिने चालला.

ओसरीचा उंबरा ओलांडून अंगणात जाण्यास तिला 19 दिवस लागले. दार उघडे होते, अंगणात ऊन होते, पलीकडे ताटली होती. ती पाहत असे, जांभई देत असे, ओठ चाटत असे आणि मान फिरवून घेत असे. ही आळसाची लक्षणे नसून ताणाची असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांचे 1967 चे प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. कुत्र्यांना विजेचे असे धक्के देण्यात आले की काहीही केले तरी ते थांबू नयेत. पुढे त्यांना मध्ये बुटका अडसर असलेल्या पेटीत ठेवले. अडसर ओलांडताच सुटका होणार होती, परंतु त्यांतील बहुतेक कुत्री हललीच नाहीत, पडून राहिली. त्या अवस्थेला शिकलेली असहायता असे नाव पडले. फारसे सांगितले जात नाही ते 1968 चे उत्तरप्रकरण. त्या कुत्र्यांना पट्ट्याने ओढून पुन:पुन्हा अडसरापलीकडे न्यावे लागले. अशा कित्येक फेऱ्यांनंतर कोठे ती स्वत:हून उठू लागली. आणि 2016 साली त्याच दोघांनी आपला जुना सिद्धान्त उलटा केला. दीर्घ संकटात निपचित पडणे ही प्राण्याची मूळ प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते आपल्या हालचालीने काही घडू शकते हे, असे त्यांनी म्हटले. हे ज्ञान ज्या मार्गाने मिळविले तो मार्ग मला तरी क्षम्य वाटत नाही. परंतु सखूच्या बाबतीत त्याचा उपयोग झाला. आम्ही तिला ओढले नाही. तिने मान वळवली की आम्ही एक पाऊल मागे सरत असू. आपण मान वळवली की माणूस मागे जातो, हा तिच्या आयुष्यातील बहुधा पहिला अनुभव असावा.

लहानपणीचे नुकसान मात्र पूर्णपणे भरून निघत नाही, हेही मान्य केले पाहिजे. स्कॉट व फुलर यांनी 1965 च्या आपल्या ग्रंथात दाखविले की तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला माणसांचा सहवास मिळाला नाही तर पुढे ते माणसाला बिचकतच राहते. सखू आजही फटाक्यांच्या दिवसांत न्हाणीघरात जाऊन बसते.

तरीही किती सुधारणा शक्य असते याचा मोठा दाखला अमेरिकेतील आहे. 2007 साली व्हर्जिनियात मायकेल व्हिक या नामवंत फुटबॉलपटूच्या जागेवरून झुंजींसाठी पाळलेली पन्नासच्या आसपास पिटबुल कुत्री जप्त झाली. तोपर्यंत अशी कुत्री खटला संपताच मारून टाकण्याचा प्रघात होता आणि काही मोठ्या प्राणिसंस्थांचे मतही तसेच पडले. न्यायालयाने मात्र कळपाचा निकाल एकदम न लावता प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी करविली, कायद्याच्या एका प्राध्यापिकेला त्यांची पालक नेमले आणि व्हिककडून त्यांच्या पालनासाठी सुमारे 9 लाख 28 हजार डॉलर भरून घेतले. तपासणीत बहुसंख्य कुत्री हिंस्र नव्हे तर भेदरलेली निघाली, जमिनीला सपाट चिकटून राहणारी. सर्वांत अवघड 22 कुत्री युटा राज्यातील एका आश्रयस्थानाकडे गेली. त्यांतील अनेकांना वर्षानुवर्षांच्या मेहनतीनंतर घरे मिळाली, काही तेथेच राहिली, आणि दोघांना आजन्म बाहेर देऊ नये अशी न्यायालयाचीच अट होती. मला या हकिकतीतील ही अट फार महत्त्वाची वाटते. सर्वांना घर मिळेल असे म्हणणारा दयाळू असेल, पण त्याच्यावर विसंबून चालणार नाही.

*

हे मी लिहितो आहे त्याला एक लाजिरवाणे कारण आहे. सखूच्या अनुभवाने धीट होऊन 2023 मध्ये आम्ही दुसरा कुत्रा तात्पुरता ठेवून घेतला. गावठी, दोन वर्षांचा, दोन घरांतून परत आलेला. नाव बाजी. उपासमारीत वाढल्यामुळे जेवणाच्या भांड्याजवळ कोणी गेले की तो ताठ होई आणि गुरगुरे. एरवी अत्यंत लाघवी. आमचे एक निवृत्त लिपिक मित्र त्याच्यावर लुब्ध झाले. मी त्यांना म्हणालो, "अगदी गरीब आहे हो." भांड्याचे सांगावयाचे राहिले, असे मी पुढे काही दिवस स्वत:ला सांगत होतो. वास्तविक ते राहिले नव्हते. सांगितले तर ते नेणार नाहीत, हे मला कळत होते. आठव्या दिवशी त्यांच्या पाच वर्षांच्या नातवाने भांड्यात पोळीचा तुकडा टाकण्यासाठी हात घातला.

जखम खोल नव्हती. पंधरा मिनिटे साबणाच्या पाण्याखाली हात धरून मग मुलाला रुग्णालयात नेले, ठरल्या दिवशी लसी झाल्या. बाजीचे लसीकरण आधीच झालेले होते. मित्र त्याला परत घेऊन आले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "सर, तुम्हाला हे ठाऊक होतं का?"

जॉर्ज अकरलॉफ यांचा 1970 चा जुन्या मोटारींच्या बाजारावरील निबंध मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. विकणाऱ्याला गाडीतील खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सर्वच जुन्या गाड्यांकडे संशयाने पाहतो, चांगल्या गाडीलाही भाव येत नाही आणि हळूहळू बाजारच बसतो. या विचारासाठी त्यांना 2001 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. निवाऱ्यातील कुत्र्यांचे नेमके हेच होते. घेणाऱ्याला पूर्वायुष्य अज्ञात असते, देणारा जागा रिकामी करण्याच्या घाईने किंवा प्रेमापोटी गुण तेवढे सांगतो, कुत्रा परत येतो, आणि त्या एका परतीची कथा दहा घरांत पोहोचून तेथील दारे मिटतात. मी त्या बाजारातील अप्रामाणिक विक्रेता ठरलो होतो, आणि किंमत एका पाच वर्षांच्या मुलाने दिली.

"माणसांना खायला नाही आणि तुम्ही कुत्र्यांचे काय घेऊन बसलात," हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. तो करणाऱ्यांना मी त्या मुलाच्या हाताची आठवण देतो. कुत्र्याची नीट ओळख करून देणे हे माणसाच्याच सुरक्षिततेचे काम आहे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला फटका मारून गप्प करणारे अनेक आहेत. त्यामुळे त्याची भीती जात नाही, तो इशारा देणे तेवढे सोडतो आणि पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो. गुरगुरणे हा सौजन्याचाच एक प्रकार आहे, असे मी आता मानतो.

नगरपालिका यापुढे निवाऱ्यांवर खर्च करणार असतील तर त्यांनी पिंजऱ्यांच्या आधी तीन-चार गोष्टींना पैसा द्यावा. प्रत्येक कुत्र्याची वागणूक पाहून लिहून ठेवणारा एक शिकलेला माणूस असावा. पिंजऱ्याऐवजी महिना-दोन महिने घरात सांभाळणाऱ्या कुटुंबांना खाणे व औषध मिळावे, कारण पिंजऱ्यातला कुत्रा आणि ओसरीवरचा कुत्रा हे दोन निराळे प्राणी असतात. चाचणीची मुदत असावी आणि त्या मुदतीत परत आणणाऱ्याला कोणी अपराधी ठरवू नये. बदलीच्या नोकरीत असणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही शेवटची सोय फारच हवी. भाड्याच्या घराचा मालक नको म्हणाला की कुत्रा थेट रस्त्यावर जातो, कारण परत नेण्याची जागा लाजेने बंद झालेली असते. पशुकल्याण मंडळाने 2015 मध्येच गृहसंस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असे कळविले होते, पण घरमालकापुढे ते परिपत्रक कोण वाचून दाखविणार?

बाजीसाठी मी दोन्ही बाजूंनी भरलेला एक कागद तयार केला. कोठे गुरगुरतो, कोणास चावला, किती खोल, कशाने शांत होतो, लहान मूल असलेल्या घरी देऊ नये, सारे त्यात लिहिले. पाच महिन्यांत सात कुटुंबांनी तो वाचला आणि नम्रपणे परत केला. आठवे एक मूलबाळ नसलेले जोडपे होते, गावाबाहेर रोपवाटिका चालविणारे. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मग याला जेवायला बसवायचं कुठं?" मी सांगितले, वर्दळीपासून दूर, पाठीशी भिंत असेल अशा जागी, आणि खाऊन होईपर्यंत कोणी जवळ जावयाचे नाही. त्यांनी पाण्याच्या टाकीमागची जागा दाखविली. बाजी तेथेच जेवतो. गेल्या महिन्यात गेलो होतो तेव्हा त्या भिंतीवर त्यांनी कागदाची ती प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेली होती, कामावर येणाऱ्या मजुरांनी वाचावी म्हणून.