नख लावून बघा, आत हिरवं आहे!

वसंत म्हटला की आपल्याला चैत्रच आठवतो. गुढी, कडुनिंबाची पानं, दाराला आंब्याचं तोरण! पंचांगातही वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचाच. पण बाग काही पंचांग बघून जागी होत नाही, बरं का! तिची चुळबुळ माघातच सुरू होते. लक्ष नसतं ते आपलं.

अंबरनाथचं आनंदनगर म्हटलं की कुणालाही आधी कारखानेच दिसतात. आमची बाग म्हणजे तळमजल्यामागची दहा बाय बारा फुटांची जागा. पण तेवढ्यातही खुणा दिसतात. शेजारच्या आंब्याला मोहर येतो, शेवग्याला पांढऱ्या फुलांचे घोस लागतात, कढीपत्त्याला पोपटी कोंब फुटतात. एकदा भर दुपारी ‘टुक टुक टुक’ असा एकसुरी आवाज सुरू झाला. मला वाटलं, कारखान्यातलं एखादं यंत्र असेल. सासूबाई हसून म्हणाल्या, “अगं, तांबट पक्षी आहे तो. ऊन तापू लागलं की याचा ठोका वाढतो.”

सासूबाईंना हे सगळं कळतं. मला कळत नव्हतं, आणि त्यापायी तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक मोठी चूक घडली.

त्यांनी बी रुजवून वाढवलेलं सीताफळाचं झाड होतं. आदल्याच वर्षी त्याला पहिली चार फळं आली होती. फेब्रुवारीत पाहते तर एक पान नाही, नुसत्या काटक्या! सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या. त्या यायच्या आत बाग नीटनेटकी करावी म्हणून मी माळ्याकडून ते ‘वाळलेलं’ झाड मुळासकट काढवलं. परत आल्यावर त्यांनी कोपऱ्यात पडलेली फांदी उचलली, नखानं साल खरवडली. आत हिरवंगार, ओलं!

“अगं, मेलं नव्हतं ते. झोपलं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मैत्रिणींनो, म्हणून हे सांगते. सीताफळ, देवचाफा ही झाडं थंडीच्या शेवटी पानं गाळतात. ती वाळली असं समजून लगेच उपटू नका. बारीक फांदीची साल नखानं हलकेच खरवडून बघा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर जरा खाली बघा. जिथं हिरवं लागेल तिथपर्यंतच कापा. चाफ्याला नख लावताना मात्र जपून, त्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. पानं नसलेल्या झाडाला पाणी बेतानंच घाला, नाहीतर मुळं कुजतात.

मोगऱ्याची छाटणीही याच सुमारास, फेब्रुवारीच्या सुरुवातीला करा. जमिनीतल्या मोगऱ्याचं पाणी आठवडाभर तोडा. कुंडीतल्याचं नुसतं कमी करा. मग फांद्या साधारण एक तृतीयांश छाटा, माती हलकी करून कुजलेलं शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात. त्यामुळे छाटणी करताना जीव हळहळला तरी हात आवरू नका!

आणि हो, कर्जतच्या बाजूला जाणं झालं तर बदलापूर सुटल्यावर लोकलच्या खिडकीबाहेर नजर ठेवा. निष्पर्ण काटेसावर आणि पळस लाल-केशरी फुलांनी पेटलेले दिसतील. पानं नाहीत म्हणून त्यांना कुणी वाळकं म्हणेल का?

सासूबाईंनी त्याच जागी सीताफळाची दुसरी बी लावली होती. रोप आता कमरेएवढं झालंय. परवा पाहिलं तर पुन्हा नुसत्या काटक्या! छातीत धस्स झालं. हळूच नख लावलं. हिरवं होतं. मी हाक मारली तशा सासूबाई आतूनच म्हणाल्या, “पुरे गं, किती वेळा खरवडशील त्याला? चैत्र येऊ दे!”