चिखलातली उमेदवारी

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. इंजिनिअरिंग की फार्मसी? नर्सिंगला नंबर लागेल का? कळंबोलीसारख्या वसाहतीत तर विचारूच नका. लोखंडबाजारातली नोकरी, तळोज्याच्या कारखान्यातली पाळी, नाही तर ट्रान्सपोर्टचा व्यवसाय, यांवर चालणारी ही घरं. मुलीनं चटकन आपल्या पायांवर उभं राहावं, एवढीच आईवडिलांची इच्छा. अशा घरात लेक एक दिवस म्हणते, "आई, मला इकॉलॉजी शिकायचीय. निसर्गाचं संवर्धन." आणि वर सांगते की त्यात काही महिने खाडीवर नाही तर जंगलात काम करावं लागतं. झालं! आईच्या हातातलं लाटणं जागच्या जागी थांबतं.

मैत्रिणींनो, अशा वेळी ताडकन 'नाही' म्हणू नका, आणि लेकीचा हट्ट म्हणून डोळे मिटून 'हो'ही म्हणू नका. आधी हे शिक्षण आहे तरी काय, ते समजून घ्या. या विषयात पदवीचं खरं वजन ठरतं ते उमेदवारीवर. तेव्हा आईनं चौकशी करायची ती मुख्यतः तिचीच.

हा विषय आहे तरी काय?

कॉलेजात सर्वांना सक्तीचा असतो तो पर्यावरणाचा पेपर वेगळा. इथे सजीवांचं एकमेकांशी आणि माती, पाणी, हवेशी असलेलं नातं मोजून-मापून अभ्यासायचं असतं. 'मोजून-मापून' हे महत्त्वाचं. नुसती झाडांची आवड पुरत नाही.

उदाहरण आपल्या दाराशीच आहे. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसला. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर पाण्यानं जायचं कुठे? म्हणून सिडकोनं ठिकठिकाणी धारण तलाव बांधले, आपण ज्यांना होल्डिंग पाँड म्हणतो ते. भरती असेतोवर पावसाचं पाणी तिथे साठवायचं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडायचं. कळंबोलीतही असा तलाव आहे. आता या तलावांत गाळ साचतो. काही तलावांत त्या गाळावर तिवरं उगवली. गाळ काढावा तर तिवरं तुटतात, न काढावा तर वसाहतीत पाणी भरतं. तिवरांची तोड मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ च्या निकालानं राज्यभर रोखलेली आहे. सार्वजनिक कामासाठीसुद्धा न्यायालयाची परवानगी लागते. मग कुठे किती झाडं आहेत, गाळ किती, तिथे कोणते जीव राहतात, हे कुणी तरी चिखलात उतरून मोजायला हवं की नको? २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी पाहिला, त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही.

दुसरी गोष्ट आठवा. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात चक्क निळ्या रंगाची भटकी कुत्री फिरताना दिसली. रंगाच्या कारखान्यातलं सांडपाणी आणि कासाडी नदीचं प्रदूषण यांची त्या वेळी देशभर चर्चा झाली. फोटो पाहून हळहळलो आपण सगळ्याच. पण नदीचं पाणी बाटलीत भरून, त्यातला प्राणवायू मोजून, मासे कुठपर्यंत तगतात हे लिहून ठेवणारं माणूस लागतं. ते काम या शिक्षणातून येतं.

वाट कशी असते?

बहुतेक मुली आधी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतात. ते घरी राहून, जवळपासच्या कॉलेजात होतं. खरी निवड एम.एस्सी.च्या वेळी करायची. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता या विषयात एम.एस्सी. करता येते. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था पुण्यातच १९९३ पासून आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातही वन्यजीव विषयाची एम.एस्सी. आहे. या शेवटच्या दोन ठिकाणी चुरस फार, आणि काही अभ्यासक्रमांना दरवर्षी प्रवेश नसतो, तेव्हा जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यातल्या विद्यापीठांत एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी चार श्रेयांकांचं 'ऑन जॉब ट्रेनिंग' किंवा क्षेत्रकार्य ठेवलेलं आहे. एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे १२० तास झाले. दुसऱ्या वर्षी संशोधनाचा प्रकल्प असतो, तो याहून मोठा. यालाच आपल्या आज्या 'उमेदवारी' म्हणत. शिंपीकामात जशी आधी काजं-बटणं करावी लागतात, तसंच हे.

सुगरणीचा नवरा

उमेदवारीचं मोल सांगायला आपल्याच रायगड जिल्ह्यातली गोष्ट पुरे. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्याजवळ सुरुवातीला विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात निसर्गविभागात ते मार्गदर्शक-व्याख्याते झाले. पुढे बर्लिनला जाऊन प्रा. श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! नोकरी नाही, आणि हाती विद्या आहे. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची घरटी त्यांनी दिवसेंदिवस बसून पाहिली आणि टिपणं केली.

काय दिसलं त्यांना? घरटं विणतो तो नर. अर्धं घरटं झालं की मादी येते, आत-बाहेर पाहते, पसंत पडलं तर संसार मांडते. नर उरलेलं घरटं पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणून दुसरीला बोलावू लागतो! आपण मात्र 'सुगरण' म्हणून कौतुक करतो ते तिचं. हसू येतं ना? पण किहीमच्या त्या निरीक्षणांनी सालिम अलींचं शास्त्रज्ञ म्हणून नाव झालं.

उमेदवारी कुठे मिळते?

कळंबोलीच्या मुलीला त्यासाठी दूर जायलाच हवं असं नाही. ठाणे खाडीचा मोठा पट्टा ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत गेला. ऐरोलीला त्याचं माहिती केंद्र आहे. वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून खारफुटीचंच काम पाहतो. पनवेलपुढे गोवा रस्त्यावर कर्नाळा अभयारण्य १९६८ पासून आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तर १८८३ सालची. विमानतळाच्या परिसरातल्या पक्ष्यांच्या अभ्यासाचं काम सिडकोनं याच संस्थेला दिलं होतं. शिवाय प्रदूषण तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि पर्यावरण सल्लागार कंपन्या आहेतच. अर्ज मात्र लवकर, सहा महिने आधी करायला हवा. जागा थोड्या असतात.

आईनं विचारायचे प्रश्न

लग्नाच्या स्थळाची आपण किती चौकशी करतो! तेवढीच इथेही करा. लाजू नका.

१. काम नेमकं काय? मोजणी, नोंदी, प्रयोगशाळा, की नुसते कागद झेरॉक्स करणं? उमेदवारीच्या नावाखाली दोन महिने फायली लावायला बसवतात, अशीही ठिकाणं असतात.

२. मुलगी एकटी जाणार की जोडीनं? खाडीत वा जंगलात एकटीनं जायचं नाही, हा नियम मुलांनाही लागू आहे. सोबत वाट माहीत असलेला स्थानिक माणूस असतो का?

३. मुक्काम कुठे, रात्री संपर्क कसा, जवळचा दवाखाना किती लांब, विमा कोण काढणार?

४. विद्यावेतन आहे का? बऱ्याच ठिकाणी नसतं. निदान जाण्यायेण्याचा खर्च मिळावा.

५. तक्रार समिती आहे का? कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा शिकाऊ उमेदवारालाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, तिची अध्यक्ष स्त्री हवी आणि निदान निम्म्या सभासद स्त्रिया हव्यात. जागा लहान असेल तर त्या जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. हे लेकीला आधीच सांगून ठेवा. घाबरवण्यासाठी नव्हे, तिला माहीत असावं म्हणून.

पिशवी भरताना

आता आपल्या हातातलं काम! खाडीवर जायचं तर आधी भरती-ओहोटी पाहायची. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. पुढे सहा तासांनी, नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. स्वयंपाकघरातली दिनदर्शिका इथे अशी उपयोगी पडते. अर्थात हा अंदाज झाला. चिखलात उतरण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहायलाच हवं.

पायात घट्ट बसणारे गमबूट असावेत, सैल बूट चिखल ओढून घेतो. पूर्ण बाह्यांचे, मळखाऊ रंगाचे सुती कपडे द्या. भडक रंग आणि अत्तर नको, पक्षी बुजोत की न बुजोत, डास नक्की येतात. कोरड्या कपड्यांचा एक जोड, टॉवेल, टॉर्च, मीठ-साखरेच्या पुड्या, पट्टी आणि जंतुनाशक असू द्या. पाळीची सोय जास्तीची ठेवा, सोबत जुनी वर्तमानपत्रं आणि एक बंद पिशवी, कारण तिवरांत कचऱ्याचा डबा कुठून असणार! डब्यात रस्साभाजी नको. दशम्या, थालीपीठ, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे उत्तम. पाणी दोन बाटल्या.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणं झालं आणि नंतर ताप आला, तर घरगुती काढ्यावर थांबू नका. लेप्टोची शंका असते, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि 'पाण्यातून चालली होती' हे आवर्जून सांगा.

पुढे पोट भरेल का?

हा प्रश्न वडील विचारणारच, आणि तो रास्त आहे. खरं सांगायचं तर इथे पहिली काही वर्षं पगार बेताचे, कामं बहुधा प्रकल्पापुरती आणि भटकंती फार. इंजिनिअर झालेल्या चुलत भावाशी तुलना केलीत तर मन खट्टू होईल. पण वाटा आहेत. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो तयार करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांना परिस्थितिकीचा जाणकार ठेवावाच लागतो. लोकसेवा आयोगातून वनसेवेत जाता येतं. प्रदूषण मंडळ आहे, शिक्षकी पेशा आहे. नेट परीक्षेतून संशोधनवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून तिची सुरुवात महिना ३७,००० रुपयांनी होते.

आणि या कामाचा उपयोग कुणाला? डॉ. विद्या अत्रेया यांनी अकोले तालुक्यात, उसाच्या शेतांमधून स्वयंचलित कॅमेरे लावून बिबट्यांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीच्या इतक्या जवळ बिबटे नांदतात, हे त्यातून पुराव्यानिशी पुढे आलं. बिबट्या दिसला की पिंजरा लावा, एवढंच ज्यांना ठाऊक होतं त्यांना वेगळा विचार करावा लागला. त्या शेतांत राबणाऱ्या बायाबापड्यांच्या जिवाचा प्रश्न होता तो.

मग निर्णय कसा घ्यायचा?

एक साधी परीक्षा सुचवते. प्रवेशाची घाई होण्याआधी लेकीला दोनशे पानी वही घेऊन द्या. महिनाभर, रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी, मैत्रिणीला सोबत घेऊन तिनं अर्धा तास उभं राहायचं. धारण तलावाचा काठ चालेल, सोसायटीतलं पिंपळाचं झाड चालेल. किती पक्षी, कोणते, काय करत होते, पाणी किती, वारा कसा, सगळं तारीखवार लिहायचं. पाऊस असो, कंटाळा असो, टीव्हीवर मालिका असो, खाडा नाही.

पहिला आठवडा उत्साहात जातो. दहाव्या-बाराव्या दिवशी 'तेच ते कावळे' असं वाटू लागतं. तिथून पुढे जी मुलगी वही सोडत नाही, उलट 'आई, आज कावळे कमी का?' म्हणून विचारत बसते, तिला पाठवा. पैशाची तजवीज करा, प्रश्न विचारून घ्या आणि पाठवा. जी सोडून देईल तिलाही रागावू नका. दोन वर्षांची फी आणि एका मुलीचं मन, दोन्ही एका वहीच्या किमतीत वाचलं म्हणायचं.