लंडनला पाणी पाजणारा मुंबईचा शेठ

लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये, ब्रॉड वॉक या रुंद वाटेवर, एक देखणी पाणपोई उभी आहे. दहा टन सिसिलीचा संगमरवर, चार टन ॲबर्डीनचा तांबडा ग्रॅनाइट, असा तिचा थाट. खर्च आला सुमारे 1400 पौंड, आणि तो दिला मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. पाणपोईवर त्यांचा चेहराही कोरलेला आहे.

साम्राज्याच्या राजधानीला पाण्यासाठी परक्याचं दान का लागावं? तर तिथलं पाणी खासगी कंपन्यांच्या हाती होतं आणि गरीब वस्त्यांत ते धड मिळत नसे. मिळे तेही भरवशाचं नाही. 1854 मध्ये सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरला आणि सहाशेहून अधिक माणसं दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी त्या पंपापर्यंत माग काढला. अशा शहरात कष्टकऱ्याला बिअर सुरक्षित वाटली तर नवल नाही. म्हणून 1859 मध्ये खासदार सॅम्युएल गर्नी आणि वकील एडवर्ड वेकफील्ड यांनी मोफत पाणपोयांसाठी संस्था काढली. त्याच वर्षी 21 एप्रिलला सेंट सेपल्कर चर्चच्या कुंपणाला लागून पहिली पाणपोई सुरू झाली. पेले साखळीने बांधलेले, वर ‘पेला जागेवर ठेवा’ अशी ताकीद. (माणसं सगळीकडे सारखीच.) दारूविरोधी मंडळींनी ही कल्पना उचलून धरली आणि पुष्कळ पाणपोया मुद्दाम गुत्त्यांसमोर उभ्या राहिल्या. पुढे संस्थेने गुराघोड्यांसाठी हौदही बांधले. रीजंट्स पार्कची पाणपोई याच संस्थेने उभारली. 1869 मध्ये राजकन्या मेरीच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं.

कावसजींचं घराणं मूळ नवसारीचं. कंपनी सरकारलाही हातोहात रोकड पुरवणारे, म्हणून ‘रेडीमनी’. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह त्यांच्याच देणगीतलं. पाण्याची किंमत त्यांना माहीत होती. मुंबईला विहार तलावाचं नळाचं पाणी 1860 मध्ये, म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत आलं.

पण लंडनचं दान निव्वळ पुण्यकर्म नव्हतं. पाणपोईवरचा लेख सांगतो की ब्रिटिश राज्यात पारशांना जे संरक्षण लाभलं, त्याबद्दल इंग्लंडच्या जनतेचे हे आभार आहेत. 1857 चा उठाव होऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती. राजनिष्ठा दगडात कोरून ठेवण्यात धोरण होतं, असं मला वाटतं. 1872 मध्ये कावसजी ‘सर’ झाले. एका पाणपोईने किताब मिळत नाही, पण तिने वाट अडवलीही नसेल.

असं दान देणारे ते एकटे नव्हते. 1867 मध्ये विजयनगरमच्या महाराजांनी हाइड पार्कला अशीच पाणपोई दिली होती. 1964 मध्ये ती काढून टाकली. कावसजींची मात्र अजून जागेवर आहे.