वैद्यकाची इंग्रजी आणि रुग्णाची इंग्रजी

रत्नागिरी येथे २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील सावर्डे-डेरवण येथे, २०१५ पासून वैद्यकीय शिक्षणाची सोय झालेली होती. या दोन्ही ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस दोन भाषांत विभागलेला असतो. व्याख्यान, ग्रंथ, परीक्षा आणि केसपेपर इंग्रजीत. खाटेवरील माणसाशी बोलणे मात्र मराठीत, आणि तेही बहुधा कोकणच्या मराठीत. "काका, छातीत कळ केव्हा आली?" असे विचारून विद्यार्थी कागदावर 'चेस्ट पेन' एवढे दोन शब्द लिहितो. हे भाषांतर तो दिवसातून अनेकदा करतो. पण ते नेहमी एकाच दिशेने होते, रुग्णाच्या मराठीतून वैद्याच्या इंग्रजीकडे.

पुढील प्रशिक्षणासाठी हाच विद्यार्थी ब्रिटनमध्ये जाऊ इच्छितो तेव्हा त्याच्याकडे इंग्रजी येत असल्याचा पुरावा मागितला जातो. साडेपाच वर्षे सर्व शिक्षण इंग्रजीत झाले असता पुन्हा पुरावा कशासाठी, असा प्रश्न त्याला आणि त्याच्या पालकांना पडणे स्वाभाविक आहे. या प्रश्नामागे थोडा अपमानही असतो. त्याचे उत्तर ब्रिटनमधील जनरल मेडिकल कौन्सिलच्या एका नियमात सापडते. एखाद्याची पदवी अलीकडची असेल आणि तिचे अध्यापन व परीक्षा सर्वस्वी इंग्रजीत झाली असेल, तर ती पदवी भाषेचा पुरावा म्हणून विचारात घेतली जाऊ शकते. परंतु त्यासाठी शिक्षणकाळात रुग्ण, त्यांचे नातेवाईक व सहकारी यांच्याशी झालेल्या व्यवहारांपैकी किमान ७५ टक्के व्यवहार इंग्रजीतून झालेला असला पाहिजे. रत्नागिरीतील विद्यार्थी अडतो तो येथे. त्याचे अध्यापन इंग्रजीत झाले, त्याचे रुग्ण मात्र मराठीत आजारी पडले.

हा पुरावा मागण्याची प्रथा फार जुनी नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले ते इंग्रजी माध्यमातून. १८६० च्या दशकात तेथे मराठी व गुजराथी वर्गही चालत. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी इंग्रजीत पत्र लिहिले आणि अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. पुढे ब्रिटनने भारतीय पदव्यांची मान्यता १९३० साली काढून घेतली, ती काही वर्षांनी परतही दिली. पण तो वाद भाषेविषयीचा नव्हता. भाषा या प्रकरणात शिरली ती १९७५ मध्ये. त्या वर्षी भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा गेली, आणि परदेशी डॉक्टरांसाठी जी परीक्षा तेथे सुरू झाली तिच्यात वैद्यकीय ज्ञानाबरोबर इंग्रजीचीही तपासणी होऊ लागली. लवकरच तिला 'प्लॅब' हे नाव मिळाले. या नावातील 'एल' हे अक्षर 'लिंग्विस्टिक' या शब्दाचे आहे. कालांतराने भाषेची तपासणी 'प्लॅब'मधून बाहेर पडली आणि 'आयईएलटीएस' या सर्वसाधारण परीक्षेकडे गेली. कौन्सिलने ठरविलेली पात्रता एकूण ७.५ आणि चारही कौशल्यांत प्रत्येकी किमान ७ अशी आहे. २०१८ पासून 'ओईटी' ही दुसरी परीक्षाही ग्राह्य धरली जाते. तिच्यात प्रत्येक विभागात 'बी' ही श्रेणी मिळवावी लागते.

या दोन परीक्षांमधील भेद भाषाशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पहिलीत उमेदवाराला हवामान, शहरांची वाढ किंवा लहान मुलांचे शिक्षण अशा कोणत्याही विषयावर लिहावे-बोलावे लागते. दुसरी ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आली व ती आरोग्यसेवेतील व्यवसायांपुरती आहे. तिच्या घडणीत टिम मॅक्नमारा या भाषाशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. भाषेची कृतिपरीक्षा दोन अर्थांनी घेता येते, असे मॅक्नमारा यांनी दाखविले. सबल अर्थाने घेतली तर 'काम साधले का' हे पाहावयाचे. दुर्बल अर्थाने घेतली तर काम हे केवळ निमित्त, पाहावयाची ती भाषाच. 'ओईटी' ही या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी आहे. संभाषणाच्या विभागात उमेदवार डॉक्टर होतो, समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होते, आणि सुमारे पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग होतात. निदान बरोबर की चूक याला गुण नाहीत. उच्चाराची सुबोधता, ओघ, औचित्य आणि व्याकरण-शब्दसंपदा या चार कसोट्यांना २०१८ मध्ये आणखी पाच कसोट्या जोडण्यात आल्या. रुग्णाशी नाते जोडणे आणि त्याची बाजू समजून घेणे यांचा त्यांत समावेश होतो.

मराठी भाषक डॉक्टरची खरी अडचण या औचित्याच्या कसोटीपाशी आहे. मराठीत आदर क्रियापदाच्या रूपातच असतो. 'झोप' आणि 'झोपा' यांत एका मात्रेचे अंतर आहे, आणि त्या मात्रेत वय, मान व परकेपणा यांची सारी व्यवस्था सामावते. "आजी, कुशीवर वळा. जरा श्वास धरून ठेवा. दुखणार नाही हं." या तीन वाक्यांत आज्ञार्थ आहे, पण आज्ञा नाही, संबोधनाने नाते जोडले, अनेकवचनाने मान दिला, 'जरा'ने काम हलके केले आणि 'हं'ने धीर दिला. हीच वाक्ये शब्दशः इंग्रजीत नेली की नाते, मान व धीर गळून पडतात आणि उरतो तो नुसता हुकूम. विद्यार्थी त्यापुढे 'प्लीज' जोडतो व काम झाले असे समजतो. परंतु इंग्रज रुग्णाच्या कानाला 'प्लीज'सह दिलेली आज्ञाही आज्ञाच वाटू शकते. तेथे मान प्रश्नार्थक व संकेतार्थी रचनेतून व्यक्त होतो: 'वुड यू माइंड', 'कुड आय आस्क यू टू' अशी सुरुवात करून वाक्य लांबवावे लागते. उर्मट ठरलेला उमेदवार मनाने उर्मट असतोच असे नाही. किंबहुना त्याचा आदर त्याच्या भाषेच्या ज्या भागात होता, तो भाग इंग्रजीत अस्तित्वातच नाही.

वेदनेच्या शब्दांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मराठीतील असे अनेक शब्द अभ्यस्त व अनुकरणवाचक आहेत: ठसठस, चुरचुर, धडधड, जळजळ, कणकण. शब्दाचा नादच दुखण्याची जात सांगतो. इंग्रजी बहुधा कृतीवरून जाते. दुखणे भोसकते, चिरडते, भाजते किंवा गोळीसारखे सुटते. रोनल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल वेदना-प्रश्नावलीत अशी ७८ विशेषणे २० गटांत मांडलेली आहेत. त्यांच्यासमोर मराठी शब्द ठेवू लागले की जोड्या जुळत नाहीत. 'ठणका' हा 'थ्रॉबिंग'च्या जवळ जातो. 'कळ' या शब्दात मात्र अचानक येणे आणि लहरीप्रमाणे वाढणे हे दोन्ही आहेत, आणि 'कणकण' या एका शब्दात अंगदुखी व बारीक ताप एकत्र नांदतात. 'लो ग्रेड फीवर' असे लिहिले की त्यातील निम्मे अंग नाहीसे होते.

संकोचाचे शब्द हा तिसरा विषय. 'परसाकडे होणे', 'अंगावरून जाणे', 'बाहेरची बसणे' हे प्रयोग येथील डॉक्टरला शिकवावे लागत नाहीत. इंग्रज वृद्धही आपले दुखणे असेच आडपडद्याने सांगतो. लघवीच्या तक्रारीला तो 'वॉटरवर्क्स' म्हणतो, गुदद्वाराला 'बॅक पॅसेज' म्हणतो, घेरी आली तर 'फनी टर्न' आली असे सांगतो. 'मिक्चरिशन' हा शब्द लीलया लिहिणारा पदवीधर 'वॉटरवर्क्स' ऐकून नळदुरुस्तीचा विचार करू लागला, तर त्यात आश्चर्य नाही. वैद्याची इंग्रजी त्याला येते, रुग्णाची मराठी येते. रुग्णाची इंग्रजी मात्र त्याने कधी ऐकलेलीच नसते, कारण ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेली नाही. तयारीच्या वर्गांत 'दोन दिवसांपासून'चे 'सिन्स टू डेज' होऊ नये यासाठी पुष्कळ वेळ खर्च होतो. चूक खरी आहे, पण त्या चुकीने कोणाही रुग्णाचा गैरसमज झाल्याचे संभवत नाही. 'फनी टर्न' न कळल्याने होऊ शकतो.

लेखी इंग्रजी ही निराळी सिद्धी आहे, याचे उत्तम उदाहरण कोकणातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांवर उपचार करताना हृदयावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास केला. प्राझोसिन या औषधाविषयीचे त्यांचे निष्कर्ष १९८६ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रुग्ण कोकणातील खेड्यांतले, निबंध इंग्रजीत. वैद्याने वैद्यासाठी लिहिलेल्या इंग्रजीला भारतीय डॉक्टर परका नाही. म्हणूनच 'ओईटी'च्या लेखनविभागात, जेथे टिपणांवरून सुमारे १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहावयाचे असते, त्याची अडचण निराळी असते: सर्व टिपणे उतरवून काढण्याचा मोह. वाचणाऱ्याला काय हवे तेवढेच निवडणे यालाच तेथे गुण आहेत.

अन्य देशांनीही याच दिशेने पावले टाकली आहेत. जर्मनीत परदेशी डॉक्टरची व्यावसायिक भाषापरीक्षा वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत होते: रुग्णाशी बोलणे, ते लिहून काढणे आणि दुसऱ्या डॉक्टरला सांगणे. अमेरिकेत प्रत्यक्ष नटरुग्णांवर घेतली जाणारी परीक्षा २०२० मध्ये स्थगित व २०२१ मध्ये बंद झाल्यावर परदेशी पदवीधरांसाठी 'ओईटी' आली, आणि ती इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही चुकली नाही. परीक्षा इंग्रजीची नसून रुग्णाशी बोलण्याची आहे, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

रत्नागिरीच्या रुग्णालयात याच प्रश्नाची उलट बाजू दिसते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, आणि त्या वाटेने येणाऱ्या अनेकांना मराठीचा गंध नसतो. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात आरंभीच्या पायाभूत भागात स्थानिक भाषेला स्थान मिळाले. परंतु 'कळ' आणि 'ठणका' यांतील फरक समजतो की नाही याचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे कोणी मागत नाही. ती भाषा ते वॉर्डात, परिचारिकांकडून आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडून उचलतात. प्रथम शिकतात ते बहुधा 'कुठे दुखतंय?'. त्याचे उत्तर समजू लागण्यास मात्र बराच अधिक काळ जातो.