युद्ध जिंकले, निवडणूक हरले!

मुलांनो, नगरचा भुईकोट किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्याच दिवशी पहाटे पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद अशा मोठमोठ्या पुढाऱ्यांना पकडून या किल्ल्यात आणलं. १९४४ साली नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला तो इथेच. त्यांना कोंडून ठेवणाऱ्या ब्रिटिश सरकारचे पंतप्रधान होते विन्स्टन चर्चिल. हिंदुस्थानवरचं राज्य सोडायला ते मुळीच तयार नव्हते.

स्वतःच्या देशात मात्र ते लोकांचे लाडके होते. १९४० साली हिटलरने फ्रान्स जिंकला. लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडू लागले. तेव्हा याच माणसाने लोकांना धीर दिला. ८ मे १९४५ ला जर्मनी हरल्याचं जाहीर झालं आणि लंडनच्या रस्त्यांवर माणसं आनंदाने नाचली.

आणि दोनच महिन्यांनी, ५ जुलैला, निवडणूक झाली. परदेशांतल्या सैनिकांची मतं यायची होती, म्हणून मोजणी तीन आठवडे थांबली. २६ जुलैला निकाल लागला आणि सगळं जग थक्क झालं! ६४० जागांपैकी मजूर पक्षाला ३९३, तर चर्चिल यांच्या हुजूर पक्षाला दोनशेच्या आसपास. चर्चिल स्वतः निवडून आले, पण त्यांचा पक्ष पार आपटला.

असं कसं झालं? लोक उपकार विसरले का?

समजा, एका गावाला आग लागली. एकाने पुढे होऊन सगळ्यांना हाताशी धरलं आणि आग विझवली. त्याचे आभार सगळेच मानतील. पण दुसऱ्या दिवशी प्रश्न वेगळा असतो. जळालेली घरं कोण बांधणार? हाताला काम कोण देणार? तिथे लोक वेगळा माणूसही निवडू शकतात.

ब्रिटनमध्ये तसंच झालं. बॉम्बने लाखो घरं पडली, मोडली होती. शिवाय जुनी आठवण होती. पहिलं महायुद्ध १९१८ मध्ये संपलं तेव्हाही 'सैनिकांना चांगली घरं देऊ' असं सांगितलं होतं. पुढे पुष्कळांच्या वाट्याला बेकारीच आली. १९३० नंतरच्या त्या वाईट दिवसांत बहुतेक काळ हुजूर पक्षाचंच वजन होतं. ते लोक विसरले नव्हते.

युद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९४२ मध्ये, बेव्हरिज नावाच्या गृहस्थांनी एक अहवाल दिला. गरिबी, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्त्या आणि बेकारी हे पाच राक्षस देशाने मारले पाहिजेत, असं त्यात म्हटलं होतं. सरकारी अहवाल कोण वाचतो? पण हा लोकांनी रांगा लावून विकत घेतला! मजूर पक्षाने तो उचलून धरला. चर्चिल यांचा हात मात्र आखडता होता.

मजूर पक्षाचे ॲटली युद्धकाळात चर्चिल यांच्याच सरकारात उपपंतप्रधान होते. त्यांचा कारभार लोकांनी पाहिला होता. तरी प्रचारात चर्चिल रेडिओवर म्हणाले, की मजूर पक्षाला राज्य चालवायला हिटलरच्या गुप्त पोलिसांसारखे पोलीस लागतील. कालपर्यंत शेजारी बसलेल्या माणसांबद्दल असं बोलणं पुष्कळांना रुचलं नाही.

ॲटली पंतप्रधान झाले. १९४८ साली तिथे सगळ्यांसाठी मोफत दवाखाने सुरू झाले. आणि त्याआधी, १५ ऑगस्ट १९४७ ला, आपला देश स्वतंत्र झाला. लढा आपल्या लोकांचाच होता, पण समोर चर्चिल राहिले नव्हते, हेही खरं. नगरच्या किल्ल्यातले नेहरू लाल किल्ल्यावर झेंडा फडकवायला गेले!

गंमत पुढेच आहे. १९५१ मध्ये त्याच ब्रिटिश मतदारांनी चर्चिल यांना पुन्हा पंतप्रधान केलं. म्हणजे त्यांचा राग नव्हता. मत हे बक्षीस नसतं, पुढच्या कामाची जबाबदारी असते.

आज घरी आई-बाबांना जरूर विचारा : मत देताना तुम्ही मागचं काम बघता, की पुढचं?