ताशी चार मैल, मुक्काम बर्नली

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी ताशी चार मैलांनी सरकायला लागली की आपण हॉर्नवर हात ठेवून बसतो. मी मात्र याच स्पीडसाठी आठवड्याचं भाडं पौंडांत आगाऊ मोजलं होतं. मँचेस्टरला ऑनसाइट होते, मे अखेरचा लाँग वीकएंड होता, अख्खी टीम एडिंबराला पळाली होती. रूममेटनं आणि मी चार दिवस रजा जोडली आणि स्किप्टनहून नॅरोबोट घेतली. लीड्स-लिव्हरपूल कालव्यानं बर्नलीपर्यंत जायचं आणि परत.

नॅरोबोट म्हणजे रेल्वेचा डबा पाण्यात सोडलाय असं समजा. रुंदी जेमतेम सात फूट. आत शेगडी, बंक, चिमुकलं टॉयलेट. लायसन्स लागत नाही! मालकानं थोडं शिकवलं आणि किल्ली हातात ठेवली. मागे उभं राहून सुकाणूचा दांडा धरायचा. उजवीकडे वळायचं तर तो डावीकडे ढकलायचा. पहिल्या तासात आम्ही दोन्ही काठांना सारखाच न्याय दिला. कुत्रं फिरवायला निघालेले एक आजोबा आम्हाला ओव्हरटेक करून, वर हसून गेले.

खरी मजा लॉकमध्ये. बोट दगडी हौदात घालायची, मागचे लाकडी दरवाजे लावायचे, लोखंडी हँडलनं झडपा उघडायच्या. पाणी भरेल तशी बोट वर. पंप नाही, मोटर नाही, फक्त आपले दंड. अशी पंधरा लॉक चढलो. मग फौलरिजचा बोगदा, जवळजवळ दीड किलोमीटर. पूर्वी घोडा डोंगरावरून चालत जायचा आणि आत माणसं उताणी पडून भिंतीला पाय लावून बोट रेटायची. १९१२ साली एक गाय कालव्यात पडली आणि अख्खा बोगदा पोहून बाहेर आली. तिला म्हणे दारू पाजून शुद्धीवर आणलं.

बोगद्यातून बाहेर आलो तर बाबांचे तीन मिस्ड कॉल. खामगावजवळ आमची सहा एकर आहे, कपाशीची. मृग आठवड्यावर आलेला आणि बियाण्याच्या थैल्या घ्यायच्या की नाही, हा प्रश्न. वर्षभर मी त्यांना एक्सेल शीट पाठवत होते: खत, फवारणी, वेचणी, भाव. शेवटचा आकडा दरवेळी लाल. त्याखाली माझा सल्ला: विकून टाका. संध्याकाळी करते, म्हणून मेसेज टाकला आणि बॅरोफर्डची सात लॉक उतरायला लागलो.

त्यानंतर बर्नलीपर्यंत एकही लॉक नाही. नेल्सन मागे पडलं, हायवे डोक्यावरून गेला, आणि शहराच्या तोंडाशी कालवा एकदम वर उचलल्यासारखा झाला. इथे तो मातीच्या भरावावरून जातो, रस्त्यांपेक्षा साठ फूट उंचावर, जवळजवळ पाऊण मैल सरळ. खाली कौलारू घरांच्या रांगा, टर्फ मूरचं फुटबॉल स्टेडियम, आणि त्या सगळ्यावरून आमची बोट शांतपणे चाललेली. पुढे दोन्ही काठांवर गिरण्या, चिमण्या, गोदामं. या भागाला वीव्हर्स ट्रँगल म्हणतात.

गाठोडं, गठाण, रुई. हे शब्द माझ्या डोक्यात मराठीतच आले. १८१६ साली हा १२७ मैलांचा कालवा पुरा झाला आणि लिव्हरपूलला उतरलेला कापूस त्यातून आत येऊ लागला. तो मुख्यतः अमेरिकेचा. १८६१ ते १८६५ तिथे यादवी युद्ध झालं, जहाजं थांबली, लँकेशायरमध्ये उपासमार झाली. तेव्हा आपल्याकडचा कापूस आला. आखूड धाग्याचा, कचऱ्यानं भरलेला. कामगार त्याला ‘सुरत’ म्हणत आणि शिव्या घालत. वऱ्हाडात मात्र पैशाचा पाऊस पडला. खामगावची बाजारपेठ तेव्हा कुठल्या कुठे गेली. मुख्य मार्गावरच्या जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा खास फाटा टाकला तोही कापसासाठीच; १८७० साली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या काळात. पण युद्ध १८६५ मध्येच संपलं होतं, भाव कोसळले होते. रूळ आले तेव्हा तेजी गेलेली होती. याच फाट्यावरच्या शटलमधून बाबा मला शेगावला न्यायचे. मला ती लहानपणी कंटाळवाणी वाटायची. आमच्या बोटीला तेवढ्याच अंतराला दोन तास लागले असते!

बोट बांधली, चहा ठेवला आणि फोन लावला. गिरण्यांचं सगळं सांगितलं.

‘‘मंग आता चालते का त्या मिला?’’

‘‘नाही बाबा. एकीत कॉलेज आहे. काहींत फ्लॅट.’’

ते जरा थांबले. ‘‘म्हंजे घेणारा कवाचाच गेला, अन् आपण पेरूनच राह्यलो.’’

माझी शीट तोंडपाठ होती. पण मला ती म्हणवेना.

‘‘थैल्या घेतल्या का?’’ मी विचारलं.

‘‘घेतो. तीन एकरच कपाशी लावतो आवंदा. बाकीच्यात तूर पेरतो. सोयाबीन नको.’’ मग म्हणाले, ‘‘तू बोट चालोतं का सोता? पोहता येते का तुले?’’

येत नाही. लाइफ जॅकेट आहे, असं सांगितलं. सकाळी बोट वळवली. बॅरोफर्डची सात लॉक आता चढायची होती, आणि रूममेटच्या हाताला फोड आले होते.