फोन आपला, मग अपडेटची सक्ती कुणाची?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक प्रसंग घडला, तिथून सुरुवात करते. कर्जाचा हप्ता भरायची शेवटची तारीख. आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी पैसे पाठवायचं ॲप उघडलं तर समोर एकच ओळ, ‘आधी अपडेट करा’. दुसरं बटणच नाही. अपडेट दाबलं तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. मग ताईंनी एकेक करून लेकीच्या हळदीचे व्हिडिओ पुसले. जागा झाली, अपडेट उतरायला लागलं आणि निम्म्यावर त्या दिवसाचं नेट संपलं. हप्ता दुसऱ्या दिवशी गेला. उशिराचं काय ते भरून टाकलं, पण हळदीचे व्हिडिओ गेले ते गेलेच. ताई एवढंच म्हणाल्या, “फोन मी माझ्या पैशानं घेतला, मग त्यात काय ठेवायचं आन् काय नाही हे दुसराच कसा काय ठरवतो?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी अपडेट म्हणजे काय ते समजून घेऊ.

पत्र्याच्या घराला पावसाळ्याआधी आपण डांबर लावतो. भोकं बुजवतो. फोनच्या आतला कारभार चालवणारी जी आज्ञावली असते, तिच्यातही अशी भोकं राहिलेली असतात. बनवणाऱ्याला ती नंतर कळतात, आणि पुष्कळदा चोरालाही कळतात. ती बुजवणारी दुरुस्ती म्हणजे सुरक्षेचं अपडेट. दुसरा प्रकार वेगळा. त्यात भोकं बुजवायची नसतात, घराची रचनाच बदलायची असते. बटणं हलतात, रंग बदलतो, नवी कामं येतात, जुनी जातात. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून येतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. डांबर हवं असेल तर नवा दरवाजाही घ्यावा लागतो.

आता फोन हळू का होतो ते सांगते. फोनमध्ये दोन जागा असतात. एक कणगी, जिथं फोटो, व्हिडिओ, ॲप साठवून राहतात. दुसरा स्वयंपाकाचा ओटा, त्याला रॅम म्हणतात. जे काम चालू आहे ते ओट्यावर मांडलेलं असतं. कणगी कितीही मोठी असली तरी ओटा हातभर असेल तर एका वेळी तवा आणि परात दोन्ही मावत नाहीत. प्रत्येक अपडेटबरोबर ॲपचा पसारा वाढत जातो, ओटा मात्र विकत घेतला त्या दिवशीचाच राहतो. म्हणून चार वर्षांपूर्वी पळणारा फोन आज अडकतो. त्यात तुमची काही चूक नसते.

ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यात जास्त कुणी भोगली असेल तर अंगणवाडी सेविकांनी. २०१९ मध्ये राज्यातल्या सेविकांना कामासाठी सरकारी मोबाईल मिळाले. एक लाखाहून जास्त फोन. त्यांचा ओटा, म्हणजे रॅम, फक्त दोन जीबीचा आणि कणगी सोळा जीबीची. तेव्हाच्या ॲपमध्ये मराठीतून काम चालायचं. मग १ मार्च २०२१ पासून केंद्र सरकारनं ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं ॲप आणलं. बाळाचं वजन, उंची, गरोदर बाईची नोंद, आहार वाटप, सगळं त्यात भरायचं. ॲप इंग्रजीत. फोन तेच जुने, त्यांची वॉरंटीही त्याच वर्षी संपली. फोन गरम होत, बंद पडत, आणि दुरुस्तीचा खर्च बाईच्याच पदरात. आधीच मानधन किती ते आपण जाणतो.

सेविकांनी काय केलं? त्यांनी फोन परत केले. १७ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाईल वापसी आंदोलन झालं. पिशव्यांत भरून, मोर्चानं जाऊन, हजारो बायांनी प्रकल्प कार्यालयात फोन नेऊन दिले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘आम्हाला तंत्रज्ञान नको’ असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं, चांगला फोन द्या, मराठीत ॲप द्या, मग काम करतो. २० फेब्रुवारी २०२३ पासून संप झाला तेव्हाही मागण्यांत नवा मोबाईल होताच. पोषण ट्रॅकर पुढे मराठीतही आलं. नंतर त्यातच चेहरा ओळखायची सोय जोडली, आणि १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ॲपवर जुळणं सक्तीचं झालं. म्हणजे पुन्हा नवं काम, पुन्हा मोठा ओटा हवा.

आता कुणी म्हणेल, मग अपडेट बंदच करून टाका. नाही बायांनो, तसं करू नका. उरणजवळच्या जेएनपीटी बंदराची गोष्ट ऐका. आपल्या मराठवाड्याचा कापूसही त्या बाजूनं परदेशी जातो. २७ जून २०१७ ला तिथल्या एका मोठ्या टर्मिनलचे संगणक एकाएकी बंद पडले. जहाजांची चढउतार अडकली. तो हल्ला जगभर झाला होता. त्यात वापरलेलं एक भोक मायक्रोसॉफ्टनं तीन महिने आधी, मार्चमध्येच, अपडेट काढून बुजवलं होतं. ज्यांनी ती दुरुस्ती लावली नव्हती त्यांना या विषाणूनं सहज गाठलं.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. हा विषाणू मुळात आत शिरला तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. चोरांनी ते अपडेटच भ्रष्ट केलं होतं, आणि लोकांनी विश्वासानं ते घेतलं. औषध म्हणून घेतलं त्यातच विष निघालं. एकाच हल्ल्यात दोन्ही दिसतं.

कंपन्याही साध्या नसतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या सरकारी नियामकानं ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. कारण काय, तर जुन्या फोनवाल्यांना पुन्हा पुन्हा टोचणी लावून अशी अपडेट घ्यायला लावली ज्यांनी फोन मंद झाले, आणि हे आधी सांगितलं नाही, मागं फिरायची वाटही ठेवली नाही. मागं फिरायची वाट, हे शब्द लक्षात ठेवा. साडी पसंत नाही पडली तर दुकानदार बदलून तरी देतो. अपडेट एकदा घेतलं की साधारण माणसाला जुनं परत आणता येत नाही.

सक्ती योग्यही असू शकते, हेही मान्य केलं पाहिजे. २०१६ साली सॅमसंगच्या नोट ७ फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. कंपनीनं फोन परत मागवले. ज्यांनी परत दिले नाहीत, त्यांचं चार्जिंग काही देशांत अपडेट पाठवूनच साठ टक्क्यांवर अडवलं. बसमध्ये शेजारच्या बाईच्या पिशवीत तसा फोन असता तर मीही म्हटलं असतं, अडवा.

आपल्याकडची ताजी गोष्ट संचार साथीची. हरवलेला फोन बंद करायला, आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहायला हे सरकारी ॲप खरंच कामाचं आहे. पण २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागानं कंपन्यांना आदेश दिला, नव्या फोनमध्ये ते आधीच घालून द्या, आणि जे फोन तयार होऊन दुकानांकडे निघालेत त्यांत अपडेटमधून घाला. देशभर आरडाओरड झाली. ३ डिसेंबरला सरकारनं सक्ती मागं घेतली. ॲप चांगलंच होतं, तरी न विचारता घरात आणून ठेवलेली वस्तू लोकांना खुपली.

माझं मत विचाराल तर सुरक्षेचं अपडेट सक्तीचं असायला माझी हरकत नाही. एकाच्या उघड्या दारातून चोर गल्लीत शिरतो, आणि आपल्या गटाचे पैसे तर एकमेकींच्या फोनमध्ये गुंतलेले असतात. पण ते वेगळ्या गाठोड्यात यावं, रूप बदलायचं अपडेट ज्याचं त्यानं ठरवावं. आणि जो सक्ती करतो, मग ती कंपनी असो, बँक असो की सरकारी खातं, त्यानं त्याचा भार उचलावा. हप्त्याच्या तारखेला दार बंद करू नये, आठ दिवस आधी सांगावं. कामासाठी ॲप लादलं तर ते पेलणारा फोन आणि नेटचे पैसे द्यावेत, आणि भाषा आपली असावी. ई-पीक पाहणीचंच बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः फोनवर करायची पद्धत राज्यभर आली. हंगामात बांधावर उभं राहिल्यावर ॲप म्हणतं अपडेट करा, आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात रेंजचा पत्ता नसतो. ज्यांची माणसं उसाच्या फडावर गेलीत, त्या घरी फोन हाताळणारं तरी कोण असतं?

युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं कंपनीनं अपडेट द्यायची. सक्ती तिथं कंपनीवर आहे. दुकानात नवा फोन घेताना आपणही विचारू शकतो, याला सुरक्षेची अपडेट किती वर्षं मिळणार? दुकानदार गडबडला तर समजून घ्या.

आता घरी करायची कामं. फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ असं असतं, त्यात सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. काही फोनमध्ये ती ‘सुरक्षा’ या भागात असते. तारीख दोन-तीन वर्षं जुनी असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार नकोत, बोलायला आणि गाणी ऐकायला तो ठेवा. फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या, म्हणजे हळदीचे व्हिडिओ पुसायची पाळी येत नाही. ॲप आपोआप अपडेट व्हायचे की विचारून, हे प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. अपडेट चालू असताना फोन चार्जिंगला लावलेला बरा, मध्येच बंद पडला तर घोटाळा होतो.

आणि एक. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसानचं नवं ॲप’, ‘गाडीचा दंड भरा’, ‘बँकेचं अपडेट’ असं म्हणून फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. ती उघडायची नाही, ओळखीच्या माणसाकडून आली तरी नाही, कारण त्याचाही फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. अपडेट घ्यायचं ते प्ले स्टोअरमधून किंवा फोनच्या सेटिंगमधूनच. चुकून उघडली आणि पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावा, सकाळची वाट पाहू नका.

आमच्या गटात आम्ही ठरवलंय, हप्त्याच्या आठवडाभर आधी सगळ्यांनी पैशाचं ॲप एकदा उघडून बघायचं. तुमच्याही पुढच्या बैठकीला येताना फोनबरोबर चार्जर घेऊन या, आणि प्रत्येकीच्या फोनची ती तारीख एकत्र बसून वाचा.